बाप्तिस्मा एकाचा, झळ घराला

आम्ही नगरचे ख्रिस्ती. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण कवी नारायण वामन टिळकांची भजनं तिला तोंडपाठ. टिळकांवर बोलायला उभा राहणारा प्रत्येक जण सांगतो, की त्यांनी ख्रिस्तासाठी सर्वस्व सोडलं. खरं आहे. पण त्यांच्यापायी जिचं सगळं सुटलं, तिला कुणी विचारलं होतं?

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तेव्हा नुकती पंचविशी ओलांडलेली, पदरात लहानगा दत्तू. माहेरी वडिलांच्या सोवळ्यानं सगळं घर जेरीला आलेलं; त्या शिस्तीत वाढलेल्या बाईचा नवरा 'बाटला'. पुढची काही वर्षं तिनं नातेवाइकांच्या आधारानं काढली, बरीचशी पंढरपुरात. नवरा हयात, आणि संसार मोडलेला.

कायदा अशा वेळी कुणाच्या बाजूनं होता? १८५० च्या कायद्यानं धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला होता. १८६६ च्या कायद्यानं, जोडीदार धर्मांतरामुळे नांदायला तयार नसेल तर धर्मांतरिताला लग्न मोडून मागता येई. कोर्ट विचाराला वर्षभराची मुदत देई. टिळकांनी ती वाट धरली नाही, बायकोची वाट पाहिली. हे मला त्यांच्या कवितेइतकंच मोठं वाटतं.

लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं शाबूत. एकाच माणसाशी संसार, पण त्याच्या हातचं चालायचं नाही! मग राहुरीत असताना जातिभेदाची अढी मनातून गेली, आणि १९०० साली बाप्तिस्मा. आमच्याकडे भाषणांत हा भाग घाईनं उरकतात. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात मात्र लक्ष्मीबाई स्वतःच्या सोवळ्याला हसत हसत तो सांगतात. नवऱ्यानं एका दिवसात ओलांडलेला उंबरा बायकोनं काही वर्षं घेऊन, स्वतःच्या पायांनी ओलांडला. कुणी ओढून नेलं असतं तर ती श्रद्धा तिची झालीच नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

टिळकांना पुढे आणखी एकदा किंमत मोजावी लागली, या वेळी मिशनच्या दारात. अमेरिकन मराठी मिशनचा पगार १९१७ मध्ये त्यांनी सोडला आणि 'देवाचा दरबार' हा भक्तसंघ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. पंचावन्नाव्या वर्षी बांधलेलं उत्पन्न सोडायचं म्हणजे पुन्हा घरच हलायचं. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले.

टिळकांच्या घराण्याची गोष्ट छापली गेली. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती मात्र महार-मांग वस्त्यांतून आलेले, माझे आजोबाही. त्यांच्याकडे सोडायला सोवळं नव्हतं, मान नव्हता; तरी बिल आलंच, फक्त उशिरा आणि नातवंडांच्या नावे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित अजूनही बाहेर आहेत.