तुराटीची वीज परवडते का?

गुलबर्गा जिल्ह्यात, आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याच्या शिवारात तूर निघाली की बांधाबांधाला तुराट्यांचे ढीग लागतात. 2019 साली गुलबर्ग्याच्या तुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते डाळीच्या जोरावर. तुराटीला कोण विचारतो? पूर्वी तिचे कूड व्हायचे, टोपल्या व्हायच्या, वर्षभराचं जळण व्हायचं. आता चुलीच्या जागी गॅस आला, आणि जिथे हार्वेस्टर फिरतो तिथे काड्या रानभर विखुरतात. मग त्या पेटवून दिल्या जातात.

फुकट जळतं, तर त्याची वीज का करू नये?

10 मेगावॅटचं केंद्र धरा. एका युनिटला साधारण सव्वा किलो काडीकचरा लागतो. म्हणजे दिवसाला 300 टन. एकरी टनभर तुराटी धरली तर रोज 300 एकर रान मोकळं करावं लागेल. आणि तूर निघते वर्षातून एकदाच. उरलेले महिने ढीग सांभाळायचा, पावसापासून आणि आगीपासूनही. शिवाय तुराटी हलकी आणि अडचणीची: ट्रक शिगोशीग भरतो, वजनकाट्यावर मात्र आकडा भरत नाही. डिझेल आणि मजुरी जोडली की फुकटाचं जळण फुकट राहत नाही. किलोमागे 1 रुपया वाढला, की युनिट सव्वा रुपयाने महागतं. राजस्थानात भडल्याला सौरविजेचा दर 2017 मध्येच 2.44 रुपयांपर्यंत उतरला होता. त्याच्याशी तुराटीने कशी टक्कर द्यावी?

साखर कारखान्यांना हे जमतं, कारण टनभर उसामागे पावणेतीनशे-तीनशे किलो भुस्सा आपसूक दारात येतो. त्याची वाहतूक साखरेच्या खात्यावर पडलेली असते. तुराटीला असा कुणी वाहून आणणारा नाही.

कोळशाच्या वीजकेंद्रांनी जैवइंधनाच्या कांड्या मिसळाव्यात, असा केंद्र सरकारचा नियम आहे, आणि सोलापूरजवळच्या फताटेवाडीचं वीजकेंद्र इथून फार लांब नाही. पण कांडी करायची तर आधी तुराटी दळावी, वाळवावी, दाबावी लागते. तो खर्च वेगळाच.

माझ्या मते विजेचा हट्टच सोडावा. लहान वीजकेंद्रात जळणातली जेमतेम पाव भाग ऊर्जा तारेत जाते. चांगल्या बॉयलरमध्ये तीन चतुर्थांश कामी येते. गुलबर्ग्याच्या, उदगीर-लातूरच्या डाळमिलना तूर वाळवायला उष्णताच हवी असते, आणि ढगाळ हवेत उन्हावर भरवसा ठेवता येत नाही. तुराटी दाबून केलेल्या विटा, म्हणजे 'पांढरा कोळसा', तिथे खपू शकतो. मात्र पंचवीस-तीस किलोमीटरच्या आतच. आणि शेतकऱ्याला किलोला रुपया मिळाला, तरी एकरी हजारच होतात. काड्या गोळा करायची मजुरी त्यातूनच द्यायची असेल, तर तो आगपेटीच काढणार.