आंजर्ले कासव महोत्सव

आंजर्ले कासव महोत्सव हा महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, आंजर्ले गावाच्या किनाऱ्यावर होणारा निसर्ग पर्यटनाचा उपक्रम आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची पिल्ले घरट्यातून बाहेर पडून समुद्राकडे जाताना पर्यटकांना येथे पाहता येतात. विणीच्या हंगामाच्या उत्तरार्धात, साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, हा महोत्सव होतो.

स्थान

आंजर्ले हे जोग नदीच्या मुखाजवळ वसलेले गाव आहे. खाडीच्या दक्षिणेस हर्णै बंदर व सुवर्णदुर्ग हा जलदुर्ग आहे. नारळ-पोफळीच्या वाड्या आणि टेकडीवरील ‘कड्यावरचा गणपती’ हे मंदिर यांसाठी गाव पूर्वीपासून परिचित आहे.

पार्श्वभूमी

कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर कासवांची अंडी खाण्यासाठी व विक्रीसाठी काढून नेली जात असत. कोल्हे आणि भटकी कुत्रीही घरटी उकरत. समुद्री कासवांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीनुसार संरक्षण आहे. मात्र केवळ कायद्याने किनाऱ्यावरील चोरी थांबली नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ग्रामस्थांच्या सहभागाने संवर्धनास आरंभ केला. पुढे तेथे कासव महोत्सव सुरू झाला व त्याच धर्तीवर आंजर्ल्यातही हा उपक्रम उभा राहिला.

संवर्धनाची पद्धत

मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करते व त्यात सुमारे १०० ते १५० अंडी घालते. ‘कासवमित्र’ म्हणून काम करणारे ग्रामस्थ पहाटे गस्त घालून मादीच्या पावलांच्या खुणांवरून घरटे शोधतात. अंडी भरतीरेषेच्या वर, जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरली जातात. प्रत्येक घरट्याची तारीख व अंड्यांची संख्या नोंदवली जाते. साधारणतः ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. जास्त तापमानात माद्यांचे प्रमाण वाढते.

पिल्लांना हातांनी पाण्यात सोडले जात नाही. ती किनाऱ्यावर ठेवली जातात आणि वाळूवरून स्वतः चालत समुद्रात जातात. प्रौढ माद्या आपल्या जन्माच्या परिसरातील किनाऱ्याकडे परततात. त्या किनाऱ्याची ओळख पिल्लाला आरंभीच्या काळातच होते, असे मानले जाते.

पर्यटन व प्रसिद्धी

ओडिशातील गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे हजारो माद्या एकाच वेळी अंडी घालण्यास येतात. कोकणात मात्र माद्या एकेकट्या येतात, त्यामुळे घरटी तुलनेने कमी असतात. पिल्ले कोणत्या दिवशी बाहेर येतील, हे निश्चित सांगता येत नाही. म्हणून घरट्यांच्या नोंदींवरून अंदाज बांधून महोत्सवाच्या तारखा कळवल्या जातात. पिल्ले सकाळी व सायंकाळी सोडली जातात. एखाद्या वेळी एकही पिल्लू बाहेर येत नाही.

किनाऱ्यावर मोठी हॉटेले उभारण्याऐवजी गावातील घरांमध्ये राहण्या-जेवण्याची सोय करण्यावर या पर्यटनाचा भर आहे. त्यामुळे खर्च झालेला पैसा थेट ग्रामस्थांच्या हाती जातो. घरटे राखले तर पाहुणे येतात, हा अनुभव संवर्धनाला आर्थिक आधार देतो. सुवर्णदुर्ग, हर्णै येथील मासळीचा लिलाव आणि कड्यावरचा गणपती यांमुळे पर्यटकांचा मुक्काम एका दिवसापुरता राहत नाही.

उपग्रहाद्वारे मागोवा

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र वन विभागाचा कांदळवन कक्ष व भारतीय वन्यजीव संस्था यांच्या प्रकल्पात कोकणातील माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवण्यात आले. त्यांत वेळासची ‘प्रथमा’ व आंजर्ल्याची ‘सावनी’ यांचा समावेश होता. या माद्यांच्या प्रवासाच्या बातम्यांमुळे कोकणातील किनारे वृत्तपत्रांतून चर्चेत आले. ओडिशात २०२१ मध्ये खूण केलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागर किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचा परस्परसंबंध असू शकतो, हे त्यावरून दिसून आले.

आव्हाने

प्रसिद्धी वाढली की गर्दीही वाढते. प्रखर दिवे, मोबाईलचा झगझगाट व किनाऱ्यावर धावणारी वाहने यांमुळे माद्या परत फिरतात आणि पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात. म्हणून पर्यटकांना दोरीमागे उभे राहणे, पिल्लांना हात न लावणे व फ्लॅश न वापरणे हे नियम पाळावे लागतात. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली किनारपट्टीवरील वाड्या व घरांची मोठी हानी केली. त्यातून केवळ बागायतीवर अवलंबून राहण्यातील धोका स्पष्ट झाला. किनाऱ्याची धूप व वाढते तापमान हीदेखील घरट्यांपुढील आव्हाने आहेत. पिल्लू दिसेलच अशी हमी देणारी जाहिरात पर्यटकांची निराशा करते आणि घरटी वेळेआधी उकरण्याचा दबाव निर्माण करते. त्यामुळे अनिश्चितता आधीच स्पष्ट सांगणे, हा या पर्यटनाच्या प्रसिद्धीचा आवश्यक भाग ठरतो.