थोरातांचा लखनौचा कागद

शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. या पोरांना सिद्धगड ठाऊक असतो. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे इंग्रज सरकारच्या गोळ्यांना बळी पडले, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही सांगावं लागत नाही. पण ज्या सैन्यात जाण्यासाठी ही पोरं घाम गाळतात, त्या सैन्यातल्या एका थोर मराठी सेनानीचं नाव विचारलं तर ती गप्प राहतात. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग थोरात. अरुणकुमार वैद्य आणि मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले म्हणून लोकांच्या तोंडी राहिले. थोरात झाले नाहीत, आणि विस्मरणात गेले. माझ्या मते हा त्यांच्यावर झालेला दुसरा अन्याय आहे. पहिला कोणता, ते पुढे येईलच.

जन्म १९०६ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचा. इंग्लंडातल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत हिंदी मुलांसाठी वर्षाला जेमतेम दहा जागा असत, तिथे शिकून १९२६ साली ते अधिकारी झाले. कोतवालांनी विजेचे मनोरे पाडले तेव्हा थोरात इंग्रजांच्याच वर्दीत होते. ही गोष्ट मुरबाडच्या माणसाला खटकेल, खटकायलाही हवी. त्या पिढीतल्या हिंदी अधिकाऱ्यांनाही ती टोचत होतीच. त्यातल्याच, पुढे लष्करप्रमुख झालेल्या थिमय्यांनी राजीनाम्याचा विषय काढला तेव्हा मोतीलाल नेहरूंनी त्यांना थांबायला सांगितलं: उद्या स्वतंत्र देशाला स्वतःचे सेनाधिकारी लागतील. सिद्धगडावरचं बलिदान आणि बराकीतली ती वाट पाहणं एका तराजूत घालू नये. देशाला दोन्ही उपयोगी पडली, एवढं खरं.

ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ इथे जानेवारी १९४५ मध्ये जपान्यांची माघारीची वाट अडवायची होती. ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. २९ जानेवारीला थोरातांच्या पंजाब पलटणीने ‘मेलरोज’ नावाची टेकडी घेतली. शेवटी संगिनींची, हातघाईची लढाई झाली. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. हिंदी माणूस पलटण लढवू शकत नाही, ही गोऱ्यांची समजूत त्या चिखलात कायमची गाडली गेली.

१९५३ मध्ये कोरियात युद्धबंदी झाली. मायदेशी परत जायला तयार नसलेले २२,००० हून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैदी भारतीय रक्षक दलाच्या ताब्यात आले. दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात. भारत आपल्याला कम्युनिस्टांच्या हवाली करणार, या धास्तीने कैदी पेटलेले. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेलं. बाहेर हत्यारबंद जवान उभे होते, हुकूम सुटला असता तर रक्ताचा सडा पडला असता. थोरात मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन स्वतः आत गेले. चिडलेल्या जमावाने त्यांनाही घेरलं. ते बोलत राहिले, आवाज चढवला नाही, आणि मेजरला घेऊन बाहेर आले. कोरियातल्या कामगिरीबद्दल त्यांना मिळालेलं दुसऱ्या श्रेणीचं अशोक चक्र आज कीर्ती चक्र म्हणून ओळखलं जातं.

तरीही थोरातांची सगळ्यात मोठी लढाई कागदावरची. १९५७ पासून ते पूर्व विभागाचे प्रमुख होते. मुख्यालय तेव्हा लखनौला. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला चिन्यांशी चकमक झाली आणि नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाची, सीमा लष्कराकडे आली. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरातांनी आपला अंदाज लिहून वर धाडला. चीन चालून येऊ शकतो. हाताशी असलेल्या फौजेने नेफा राखता येणार नाही. ऐन सीमेवर फक्त चाहूल देणाऱ्या चौक्या ठेवा, खरी लढाई मागे बोमडिला-झिरोच्या ओळीवर द्या, म्हणजे रसद लांबून आणताना दमछाक शत्रूची होईल. लष्करप्रमुख थिमय्यांनी तो कागद संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. मेनन यांनी थोरातांना उगाच भीती पसरवणारे ठरवलं. थोरात गप्प बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला ‘लाल किला’ हा युद्धसराव घेतला आणि वरिष्ठांसमोर तेच पुन्हा मांडून दाखवलं.

पुढच्या वर्षी, मे १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. थिमय्यांना आपल्या जागी थोरात हवे होते. लष्करप्रमुख म्हणून नेमणूक मात्र थापर यांची झाली. हा तो पहिला अन्याय. त्याच वर्षी नोव्हेंबरात चौक्या पुढे पुढे नेण्याचं धोरण ठरलं, म्हणजे थोरातांच्या सल्ल्याच्या नेमकं उलट. २० ऑक्टोबर १९६२ रोजी नेफातल्या नामका चू नदीच्या काठी चिनी हल्ल्यात ब्रिगेडियर जॉन दळवींची ७ वी ब्रिगेड उन्हाळी कपड्यांत, तुटपुंज्या दारूगोळ्यानिशी चिरडली गेली. महिनाभरात बोमडिला पडलं. ते जवान कुणाच्या तरी घरची, आपल्या पहाटे पळणाऱ्या पोरांसारखीच पोरं होती. तो कागद तीन वर्षं आधी कुणी नीट वाचला असता तर त्यातली कितीतरी घरी परतली असती, असं मला मनापासून वाटतं.

युद्धाच्या त्या दिवसांत नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावलं. हा कागद मला का दाखवला गेला नाही, असं त्यांनी विचारल्याचं थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. थोरातांचं उत्तर असं की ते मेननच सांगू शकतील. नव्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थिमय्या आणि थोरात दोघांनाही घेण्यात आलं, आणि मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९८६ साली इंग्रजी आत्मचरित्रात थोरातांनी ही सगळी हकीकत तारीखवार मांडली. १९९२ मध्ये ते गेले.