बारावीनंतर पोरीला साताऱ्याला धाडायचं का?

मैत्रिणींनो, निकाल लागला की वडूजच्या आमच्या गटाच्या बैठकीत प्रश्न येतोच: पोरीला साताऱ्याला धाडायचं, की स्थळं बघायची? साताऱ्यात रयतची तीन कॉलेजं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय. लहानच आहे, पण मूळ जुनं. १९४७ साली अण्णांनी शिवाजी कॉलेज काढलं, तेव्हा गरिबांची पोरं अंगमेहनत करून शिकली. ती 'कमवा आणि शिका' योजना रयतमध्ये आजही चालते. चार पैसे मिळतात, वेळ पाळायची नि हिशेबाची सवय लागते. नोकरीत तीच कामाला येते, असं आम्हाला वाटतं. प्रवेशाआधी मायलेकी जाऊन विचारा: कामाचे तास किती? वसतिगृहात जागा आहे का? शिकताना बाहेर कामाचा अनुभव मिळतो का? फीसाठी गटातून कर्ज काढायचं असेल, तर फीचा कागद बैठकीला घेऊन या.