लेकरांच्या ब्रशवर पेस्ट किती?

मैत्रिणींनो, आपल्या बीड जिल्ह्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात ते त्यानेही. राखेनं, मिश्रीनं घासून ते जात नाहीत, उलट दात झिजतात.

पेस्टमध्येही फ्लोराईड असतं. दात किडू नयेत म्हणून ते हवंच, फक्त पोटात जायला नको. ट्यूबवर '१००० पीपीएम' लिहिलं असेल तर १ ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराईड. पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादाच लिटरला दीड मिलिग्रॅम! अन् गोड पेस्ट लेकरं गिळतातच.

तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट द्या. जवळ उभं राहून थुंकायला लावा. पाण्यात फ्लोराईड जास्त निघालं, तर लहानग्यांसाठी कोणती पेस्ट घ्यायची ते दातांच्या डॉक्टरला विचारा. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचं किट आहे का, ते येत्या बैठकीतच विचारू.