समुद्रात कयाकवरून मासेमारी: गळ टाकण्याआधी एवढे शिका

सोलापूर जिल्ह्याला मासेमारी नवी नाही. उजनीच्या फुगवट्यावर रोहू, कटला, चिलापी पकडणारी गावेच्या गावे आहेत. अलीकडे मात्र सुटीत मालवण, तारकर्लीकडे जाणारी तरुण मंडळी कयाक घेऊन समुद्रात गळ टाकण्याचा विचार करू लागली आहेत. कयाक म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने चालणारी छोटी होडी. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक तिच्यातून शिकार करत. छंद चांगला आहे. खांदे, पाठ आणि पोटाच्या स्नायूंना व्यायाम होतो, मनही रमते. पण समुद्र नवशिक्याच्या चुका सहज पोटात घालत नाही.

विहिरीतले पोहणे पुरत नाही

आपल्याकडे बरेच जण पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. विहिरीत काठ नेहमी चार हातांवर असतो. खुल्या पाण्यात लाट तोंडावर आदळते, दम लागतो आणि किनारा जवळ दिसूनही हाती येत नाही. २१ मे २०२४ च्या सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जणांचा जीव गेला, एकच जण पोहत किनाऱ्याला लागला. धरणाच्या पाण्यावर वारा हे करू शकतो, तर समुद्राची गोष्ट वेगळी सांगायला नको.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर असते तेवढ्या वेळात तो फक्त श्वास घेण्याची धडपड करतो. पाणी फुप्फुसात गेले की रक्तातला प्राणवायू झपाट्याने घटतो. दोन-तीन मिनिटांत शुद्ध हरपू शकते आणि त्यानंतर काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणून लाइफ जॅकेट होडीत ठेवायचे नाही, अंगात घालायचे. सगळे पट्टे आवळा, हात वर करा आणि सोबत्याला खांद्याजवळ जॅकेट वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकले तर माप चुकले. हवा भरलेली ट्यूब किंवा थर्माकोलचा तुकडा हा त्याला पर्याय नाही.

आधी उलटायला शिका

नवशिक्याने वर बसायची, रुंद बुडाची कयाक घ्यावी. ती पोकळ पण बंदिस्त असते, त्यामुळे उलटली तरी बुडत नाही. पहिला धडा गळाचा नव्हे, पडण्याचा. जाणकार माणूस जवळ असताना, छातीभर शांत पाण्यात मुद्दाम होडी उलटवा. ती सुलटी करा, पलीकडचा काठ धरा, पाय मारत शरीर पाण्यावर आडवे आणा, पोटावर होडीवर या आणि मग वळून बसा. हे सलग तीनदा, न दमता जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नये. खऱ्या प्रसंगात होडी सोडून किनाऱ्याकडे पोहू नका. डोके लाटांत दिसत नाही, होडी लांबून दिसते.

वारा आणि भरती-ओहोटी

कोकणात साधारणपणे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा सुटतो. मतलई असताना किनाऱ्याजवळचे पाणी सपाट दिसते आणि फसवते. जाताना सोपे, परतताना वारा तोंडावर. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा प्रवाह जोरात असतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तुलनेने शांत. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी जाऊच नये. पहिल्या काही फेऱ्या किनाऱ्यालगत, स्थानिक मच्छीमाराला विचारून आणि सोबती घेऊनच कराव्यात. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की परत फिरा. पावसाळ्यात तर समुद्रात जाऊच नये. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद असते, यातच सारे आले.

नांगराचा दोर होडीच्या बाजूला बांधू नका, प्रवाहात ती उलटते. दोर टोकाला बांधा आणि तो कापण्यासाठी चाकू जॅकेटला अडकवून ठेवा. मोबाइल जलरोधक पिशवीत, शिट्टी गळ्यात आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावरच्या माणसाला सांगितलेली असावी.

ऊन, औषधे आणि झोप

पाण्यावरचा वारा घाम वाळवतो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले ते कळत नाही. टोपी, लांब बाह्या आणि दर अर्ध्या तासाने पाणी हवेच. रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट समुद्रात उतरू नये. मद्य घेऊन तर अजिबात नाही. मळमळीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते, हे लक्षात ठेवा. फिट येणाऱ्यांनी हा छंद टाळावा. हृदयविकार असलेल्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

इजा झाली तर

शिंगाळा किंवा पाकटाचा काटा टोचला तर आग असह्य होते. ते विष उष्णतेने निष्प्रभ होते. सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवावा. पाणी आधी दुसऱ्याने हाताने तपासावे, म्हणजे भाजणार नाही. मग दवाखाना गाठावा. गळ बोटात खोल रुतला तर ओढू नये, त्याचा उलटा काटा मांस फाडतो. डोळ्याजवळचा गळ तर हलवूही नये. धनुर्वाताची लस घेतलेली आहे का, हे निघण्याआधीच पाहावे.

बुडणाऱ्याला वाचवताना पाण्यात उडी मारू नका. दोर, वल्हे किंवा रिकामा कॅन पुढे करा. बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटे टांगून पाणी काढू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाते. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने दोन ते पाच श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवा. सोबत्याला १०८ ला फोन करायला सांगा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्या. खोकला, धाप किंवा गुंगी काही तासांनीही वाढू शकते.

मासा न मिळता परतलेली फेरी वाया जात नाही. समुद्र उद्याही तिथेच असतो.