कॅन्सरचा रुग्ण आणि पेजेचे पथ्य

"डॉक्टर, खाल्लं तर गाठ वाढेल ना?" मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे निदान झालेल्या एका आजोबांच्या मुलाने विचारले. आजोबा पंधरा दिवस नुसत्या पेजेवर होते!

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील अल्ब्युमिन व सी.आर.पी. पुष्कळदा तपासतात. दोन्ही यकृतात बनणारी प्रथिने. अल्ब्युमिन दर १०० मि.लि.ला ३.५ ग्रॅमच्या वर हवे, सी.आर.पी. दर लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत. कॅन्सरने शरीरात दाह वाढला, की सी.आर.पी. चढते, अल्ब्युमिन उतरते, भूक मंदावते, स्नायू झिजतात. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचा धोका अधिक.

म्हणून नुसती अंडी खाऊन अल्ब्युमिन लगेच वाढत नाही. पण उपाशी ठेवल्याने गाठ मरत नाही, रुग्ण मात्र खंगतो. पन्नास किलोच्या माणसाला रोज ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. दूध, दही, अंडी, मासे, मुगाचे कढण थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. पोट फुगणे, उलट्या, शौच बंद होणे अशी लक्षणे असतील तर आधी डॉक्टरांना गाठावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण विचारून घ्यावे.

दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. सहा महिन्यांत ते दहा टक्क्यांनी घटले असेल, तर ती वही डॉक्टरांना दाखवाच.